चौऱ्याण्णव पावलं

ईरा जिना चढत होती ती भांडायलाच. काखेत टेपरेकॉर्डर, ओठांवर पाठ केलेली चार वाक्यं, आणि नाक... नाक तर तिचं जन्मापासूनच वर होतं, त्याला जिन्याची गरज नव्हती.

दार भय्यासाहेबांनी उघडलं. सिंचाई खात्यातून रिटायर झालेले, पांढऱ्या मिशा पिळलेल्या, पायांत लाकडी खडावा. "या, या! चपला बाहेर हं. फरशी बघायला आलात ना?"

१९९४चा जानेवारी. त्या दिवसांत फ्रीगंज मोहल्ल्यात जो तो घर नवं करत होता. कुणी रंगीत टीव्ही आणला, कुणी केबल जोडली. भय्यासाहेबांनी जुनी फरशी उखडून फ्लॅटभर संगमरवर बसवला. वर साधी सतरंजीसुद्धा नाही. झाकायचा तर बसवला कशाला?

"उन्हात बघा. आता इथून बघा. जरा वाका... दिसतो की नाही चेहरा?"

दिसत होता. रागानं लाल झालेला. अर्ध्या तासानं ईरा बाहेर पडली तेव्हा चारांपैकी एकही वाक्य खर्ची पडलं नव्हतं.

आणि जिन्याच्या वळणावर तो भेटला. खांद्यावर छापील कापडाचा गठ्ठा, शर्टाच्या बाहीवर मजिठा लाल रंगाचा डाग. भय्यासाहेबांचा मुलगा, रुचिर. हातमागाच्या दुकानात होता. छपाई तपासायला आठवड्यातून दोनदा भैरवगढला जायचा.

"खालच्या ना तुम्ही? संगमरवर बघितला?"

"बघितला आज. ऐकते रोज."

तो थबकला. गठ्ठा एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला. "म्हणजे... तक्रार होती?"

"होती. पण परत तक्रार घेऊन हा जिना मी चढणार नाही. सांगून ठेवते."

"अहो, पण पहिले सांगा तर काय ते—"

चपलांचा आवाज करत ती खाली उतरलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रुचिर खाली हजर. "तुम्ही वर येणार नाही म्हणालात. मी खाली यायला तर बंदी नाही ना?"

ईराची आई, सुनंदाताई, हसू दाबत चहा टाकायला गेल्या. ईरानं एक वही पुढ्यात ठेवली आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

गोष्ट अशी होती. सकाळी ईरा शाळेत शिकवायची, आणि दुपारी दीड ते तीन अंध मुलींच्या वसतिगृहासाठी दहावीचा इतिहास वाचून कॅसेटवर उतरवायची. पुस्तक बदललं होतं, जुन्या कॅसेटी बाद. परीक्षा मार्चमध्ये. बत्तीस धडे फेब्रुवारीअखेर पोचायलाच हवेत, आणि झाले होते नऊ. ईराच्या कॅसेटमध्ये पान उलटल्याचा आवाज येत नसे, याचा तिला कोण अभिमान! आणि आता? टेपवर तिचा स्वच्छ आवाज, आणि त्याच्या डोक्यावर... घर्रर्र. धाड. खट-खट-खट.

"हे आम्ही?" रुचिरचा चेहरा उतरला.

"एक चाळीस. जेवायला बसताना खुर्ची ओढता ते तुम्ही. आवडती भाजी असली की जोरात ओढता."

"भाजीसुद्धा ऐकू येते?"

"वहीत आहे सगळं. तुमच्या एका खुर्चीपायी मला पानिपत तीनदा लढावं लागलं."

"मग... जिंकलं कोण?"

हसायचं नाही असं ईरानं ठरवलं होतं. जमलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून वरच्या आवाजांची एकेक करून नोंद बंद होऊ लागली. रुचिरनं खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे, जाड लोकरी कापडाचे तुकडे चिकटवले. कपाटाखाली रबर. स्वतः घरात मोज्यांनी चालू लागला, आणि संगमरवरावर दोनदा आपटलासुद्धा — तेही वहीत आलं.

पण खट-खट राहिली. भय्यासाहेबांची शतपावली! जेवण झालं की खडावा घालून शंभर पावलं, फरशी न्याहाळत, बरोब्बर ईराच्या डोक्यावरून.

"बाबांना मी नाही सांगू शकत," रुचिर म्हणाला. "ऐकायचेही नाहीत. पण एक उपाय आहे. दाखवतो, चला. स्कूटरवर बसाल ना?"

"बसेन. पण हळू चालवा."

"तुम्हाला आवाज चालत नाही, माहितेय मला."

भैरवगढच्या छपाईघरात ठसे पडत होते. तिथले कारागीर चाचा लाकडी ठशावर मूठ मारत, पूर्ण जोरानं, आणि आवाज यायचा नुसता मऊ... धप. ईरा बघतच राहिली. रुचिरनं मेजावरच्या कापडाची कड उचलून दाखवली. खाली गोणपाट, त्याखाली कांबळं, त्याखाली पुन्हा गोणपाट.

"दिनभर ठोकते हैं बेटा," चाचा म्हणाले, "नीचे बच्चा सोए तो भी ना जागे."

"असंच वर घालायचं," रुचिर म्हणाला, "आणि सगळ्यावर एक छापील जाजम. ठसा तुम्ही निवडा."

"मी का? घर तुमचं."

"कान तुमचे आहेत ना."

तिनं कैरीची वेल निवडली. ठसा हातात देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि परतीच्या वाटेवर देवास गेटपर्यंत स्कूटर फार हळू चालली. 

जाजम घरी आलं आणि भय्यासाहेबांनी ते दारातच अडवलं. "संगमरवर काय झाकायला बसवला? नाव नको काढू!"

फेब्रुवारी उजाडला. शेवटी ईरानं मन घट्ट करून सात धडे खट-खटीसकट पाठवून दिले. त्या दिवशी ती जेवली नाही. आपल्या नावाची अशी कॅसेट... छे!

आठवड्यानं उत्तर आलं. मीरा नावाच्या मुलीनं सांगितलेलं, वॉर्डनबाईंनी लिहिलेलं. ईरानं ते वाचलं आणि रुचिरच्या हातात ठेवलं. त्यानं ते वाचलं आणि सरळ बापाला हाताला धरून खाली आणलं.

"वाचा, ईरा. मोठ्यानं."

"'दीदी, आपकी कॅसेट मिली. आपके पीछे जो बाबा चलते हैं, वो कौन हैं? हम रोज़ उनके क़दम गिनते हैं. चौरानवे होते हैं. मंगल को बानवे थे.'"

भय्यासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "चौऱ्याण्णव? शंभर होतात माझे! रोजचे शंभर!"

"खिडकीपाशी ऊन पडतं, बाबा," रुचिर हळूच म्हणाला. "तिथे फरशी बघत उभे राहता. आकडा पुढे जातो, पाय जात नाहीत."

"पुढे आहे," ईरा म्हणाली.  "'एक बात और. सालबाई की संधि का साल खट-खट में चला गया. सत्रह सौ... कितना?'"

 भय्यासाहेबांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात लेखणी चालवणारे. शिंद्यांनी घडवून आणलेला तो तह त्यांच्या घरात आजही काल झाल्यासारखा सांगितला जायचा.

"ब्याऐंशी," ते पुटपुटले. मग ताठ उभे राहिले. "सतराशे ब्याऐंशी! लिहून कळवा तिला. आणि... माझ्याच पायाखाली सालबाई?" दाराशी काढलेल्या खडावा त्यांनी उचलून काखेत मारल्या. "रुचिर, जाजम टाक. आत्ता."

सव्वीस तारखेला बत्तिसावा धडा झाला. ते सातही धडे नव्यानं, स्वच्छ. पार्सल घ्यायला रुचिर आला, पण घेऊन निघेना.

"म्हणजे उद्यापासून मला जिन्यात उभं राहायला नको."

"जिन्यात?"

"जाजमानं आमचा आवाज खाली येईना, तसा तुमचा वर येईना. म्हणून रोज जेवून... चौथ्या पायरीवर. तुझं वाचन... तुमचं—"

"तूच म्हण." ती खाली बघत होती. "मग आत का नाही आलास?"

"दार वाजवलं असतं तर वहीत टाकलं असतंस."

ईरानं वही त्याच्यापुढे सरकवली. शेवटची पानं. खुर्ची, कपाट, खडावा सगळ्यांवर काट. आणि त्याखाली, वेगळ्याच अक्षरात — 'गुरुवार. आज जिन्यात त्याची पावलं नाहीत. कुठे गेला?' 'शुक्रवार. आला.'

त्यानं ते दोनदा वाचलं. ती मानेनं वर जिन्याकडे खूण करत म्हणाली, "चल. तक्रार घेऊन चढणार नाही म्हणाले होते. आज तक्रार नाहीये."

वर जाऊन तिनं भय्यासाहेबांना वाकून नमस्कार केला, आणि सरळ उभी राहिली. "एक अट आहे. लग्नानंतरही दीड ते तीन मी खालीच. पुढच्या वर्षी मुली चाळीस आहेत."

भय्यासाहेबांनी मुलाकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "आणि माझी शतपावली?"

"जाजमावर. अनवाणी. मोजणार मी."

"मोजा. शंभरच भरतील!"

त्या उन्हाळ्यात संगमरवर बघायला पाहुणे येतच राहिले. भय्यासाहेब जाजमाचं टोक उचलून वीतभर फरशी दाखवत, घाईघाईनं झाकत, आणि ओठांवर बोट ठेवत. "शू... काही ऐकू येतं?"

"नाही बुवा."

"नाही ना येत!" त्यांची मान ताठ होई. "खाली आमच्या सूनबाई इतिहास वाचतायत."

आणि ते पुढे चालू लागत — अनवाणी, खिडकीतल्या उन्हाजवळ न थांबता, ओठांतल्या ओठांत आकडे मोजत.