चौथं पान

हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर रात्र घेतली असती, पाऊस घेतला असता, एखादं स्मशान टाकलं असतं. हे भर दुपारी घडलं. लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या एका साध्या मलेशियन रेस्टॉरंटमध्ये. ऑक्टोबरमध्ये इथे सगळी घड्याळं तासभर मागे करतात ना, त्या रविवारी.

मी वरदा. वय सोळा. ब्रॅकनेलला राहते. माझी मराठी आईने शिकवली तेवढीच आहे, तेव्हा चुका पोटात घाला.

आई मार्चमध्ये गेली.

हे मी असं सरळ लिहू शकते, कारण मला तेव्हापासून काही वाटतच नाही. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा असतो... आपलाच, पण नसल्यासारखा. तसं. बाकी मी मस्त आहे. सप्टेंबरमध्ये डिबेट टीमची कॅप्टन झाले. अख्ख्या असेंब्लीसमोर बोलले आणि पाय अजिबात लटपटले नाहीत. सगळे म्हणतात वरदा किती ब्रेव्ह आहे. मी एकदाही रडले नाही.

प्रश्न पप्पांचा होता.

पप्पा जेवेनासे झाले होते. सिंकपाशी उभं राहून दोन चमचे सिरियल, की झालं. बेल्टला घरीच नवं भोक पाडलेलं. डॉक्टरने सांगितलं होतं, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा पोटभर जेवावं.

म्हणून मी ठरवलं, आपल्या नेहमीच्या जागी जायचं. लेचुमी आंटीकडे.

आंटी मूळच्या मलेशियातल्या तमिळ. रविवारी त्यांच्याकडे केळीच्या पानावर जेवण असतं. भात, फिश करी, कारल्याचे काप, हाताने खायचं. आणि एक रीत असते. जेवण झालं की पान मधोमध दुमडायचं, आपल्याकडे. म्हणजे जेवण आवडलं, परत येणार. पलीकडे दुमडायचं ते फक्त मयताच्या घरी.

आई दर वेळी पलीकडे दुमडायची.

आंटी तिच्या हातावर चापट मारायच्या. "कल्याणी, माझ्या हॉटेलात कोण मेलंय?"

"सॉरी, सॉरी. पण उष्टं स्वतःकडे कसं ओढू?" आई हसायची. पुढच्या वेळी परत तेच.

तर त्या रविवारी आम्ही तिघं होतो. मी, पप्पा, आणि स्टॅनमोरहून आलेली सुप्रभाआत्या, पप्पांची मोठी बहीण. खिडकीजवळचं आमचं टेबल मिळालं. आंटींना आईचं माहीत नव्हतं. मी फोनवर सांगणार होते, पण नुसतंच टेबल बुक केलं आणि फोन ठेवून दिला.

आंटी आल्या. हसून पानं मांडायला लागल्या. एक. दोन. तीन...

चौथं.

"आंटी, आम्ही तिघंच आहोत," मी म्हणाले.

"आणि आई?"

पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

"आत्ताच तर गेली," आंटी म्हणाल्या. "हात धुवायला. मला हाय म्हणाली की."

मागे, किचनच्या दाराशी एक बेसिन आहे. आई आल्याआल्या तिथे जायची. टॉवेलला हात पुसायची नाही. ओले हात घेऊन यायची आणि माझ्या तोंडावर पाणी उडवायची. मी चिडायचे.

नळ चालू होता.

मी तो आवाज ऐकला. मग तो बंद झाला...

कुणीही बाहेर आलं नाही.

मी उठून बघितलं. बेसिन कोरडं होतं. साबणसुद्धा कोरडा.

परत आले तेव्हा आत्याने आंटींना हळू आवाजात सांगितलं होतं. आंटींचा चेहरा पांढरा पडला होता. त्या चौथं पान उचलायला वाकल्या.

"राहू दे," पप्पा म्हणाले.

वाढपी आला तेव्हा पप्पांनी त्या पानावर भात वाढायला लावला. फिश करी. कारल्याचे काप डबल, आईला लागायचे तसे.

आत्या कडक झाली. ती तिकडच्या बुद्धविहाराची सेक्रेटरी आहे. "राजू, आपल्यात मेलेल्या माणसाला पान वाढत नाहीत. बाबासाहेबांनी यातून बाहेर काढलंय आपल्याला. तू स्वतः प्रतिज्ञा घेतल्यास."

"मी कुठे पान वाढतोय, ताई? तिची ऑर्डर आहे ती."

"पोरीसमोर असं बोलू नकोस."

"तू भात खा. थंड होतोय."

आणि पप्पांनी स्वतः पहिला घास घेतला.

मग दुसरा. रस्सम मागितलं. पापड मोडला. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. मी आत शोधला पण...

तिथे काहीच नव्हतं. तोंडातल्या भातालाही चव नव्हती.

तेवढ्यात माझ्या गालावर काहीतरी पडलं.

थंड. बारीक. दोन-तीन थेंब.

मी वर बघितलं. छत कोरडं. खिडकी बंद. समोरची खुर्ची रिकामी.

आत्याने माझा गाल बघितला आणि मला जवळ ओढलं. "रड, बाळा. रड मोकळी. किती दिवस धरून ठेवलंस."

मी रडत नव्हते. माझे डोळे कोरडे होते. मी तिला सांगितलं नाही.

जेवण झालं. आम्ही तिघांनी आपापली पानं दुमडली. न बोलता, न ठरवता, तिघांनीही पलीकडे. आईसारखी. की आमच्याकडे मयत झालं होतं म्हणून? मला माहीत नाही.

मी आणि आत्या हात धुवायला गेलो. पप्पा बसून राहिले.

परत आलो तर...

चौथं पान दुमडलेलं होतं.

आपल्याकडे. म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीकडे. बरोब्बर, आंटी शिकवायच्या तसं.

"राजू, हे तू केलंस ना?" आत्याचा आवाज चिरकला.

पप्पांनी नुसता उजवा हात वर केला. बोटांवर करी वाळलेली होती. डावा हात खिशात. आणि ते पान वरून स्वच्छ होतं. करीचा एक डाग नाही. फक्त पाण्याचे थेंब होते, हात नीट न पुसता कुणी दुमडावं तसे.

आणखी एक गोष्ट. पान सपाट होतं. आत भाताचा ढीग असता तर ते फुगलं असतं ना?

कुणी उघडून बघितलं नाही. आंटी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग दोन्ही हातांनी ते पान उचलून आत घेऊन गेल्या.

जाताना एवढंच म्हणाल्या, "आज पहिल्यांदा बरोबर दुमडलं तिने."

त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता.

आवडलं. परत येणार.

आत्या आता आमच्याबरोबर तिथे येत नाही. फोनवर जय भीम म्हणते, अभ्यासाचं विचारते, त्या दिवसाचं नाव काढत नाही. पप्पा आता बरे आहेत. जेवतात. बेल्टचं जुनं भोक परत लागतं. डॉक्टर खूश आहे. मला हेच हवं होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

पण पप्पा फक्त रविवारची वाट बघतात. काल त्यांनी स्वतः फोन करून टेबल बुक केलं. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"टेबल फॉर थ्री," ते म्हणाले.

आम्ही घरात दोघंच आहोत.

मी जिना चढून माझ्या खोलीत गेले. मला भीतीही वाटली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाटतं. बाकी कशाचाच स्पर्श होत नाही या गालाला. फक्त रविवारी, त्या टेबलापाशी...

तो ओला होतो. मी आता पुसत नाही.