एकच लाल ओळ

वर्न हॉगनं माझ्या टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला आणि शेजारी सुपाचा डबा. म्हणाला, ही लाच समज.

"लोर्ना, डेलच्या कॉम्प्युटरवर सापडलं. तळ्याचा नकाशा दाखवणारं काहीतरी आहे. उघडू का?"

डेल त्याचा धाकटा भाऊ. मागच्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, बर्फ फुटून बुडाला. तेव्हापासून वर्न तिकडे फिरकला नव्हता. डलूथच्या बंदरावर आम्ही एका खोलीत बसायचो. तो बोटींचं वेळापत्रक बघायचा, मी कॉम्प्युटर सांभाळायचे.

फाईल मी तपासणीच्या साइटवर टाकली. तिथे सत्तरएक अँटिव्हायरस एकाच फाईलवर आपापला निकाल देतात. सगळे हिरवे, एकच लाल. त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आणि व्हायरसचं नाव येतं तिथे नुसतं लिहिलेलं: जाऊ नकोस.

"हे काय?"

"कुठल्यातरी कंपनीचं गंडलेलं भाषांतर. लांडगा आला रे आला, दुसरं काय. नावाजलेले सगळे गप्प असताना एकटं कोणी बोंबललं, तर सोडून द्यायचं."

"नक्की ना?"

"अरे बाबा, उघड बिनधास्त. सूप गार होतंय," मी हसत म्हणाले.

नियम चुकीचा नव्हता. नव्या माणसाला आजही मी तोच शिकवीन, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

नकाशा उघडला. डेलच्या मासे धरायच्या जागा होत्या, आणि लांब कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकत होता. हीटरवर वाळत घातलेल्या वर्नच्या हातमोज्यांचा ओला वास खोलीभर झाला होता. वर्ननं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"इथे मला कधी नेलं नाही त्यानं," एवढंच म्हणाला.

शनिवारी तो तिथे गेला. बर्फ हातभर जाड होता, जवळच बर्फावर लोकांचे ट्रक उभे होते. फुटला तो फक्त वर्नच्या पायाखाली.

अंत्यविधीहून परतल्यावर मी फाईल पुन्हा तपासली. ती लाल ओळ हिरवी झाली होती. कंपन्या चूक सुधारतात, तसं असेल म्हटलं. मग जुने निकाल काढले. ते आधी बघायला हवे होते. मागच्या हिवाळ्यात, तळ्यावर जायच्या आधी, डेलनंही ही फाईल तपासली होती. तेव्हा तीच ओळ लाल. तो बुडाल्यावर हिरवी. वर्नच्या वेळी लाल.

साइटवाल्यांना विचारलं. या नावाचा अँटिव्हायरस आमच्याकडे कधीच नव्हता, असं उत्तर आलं.

पेनड्राइव्ह मी हातोडीनं फोडला.

त्यानंतरच्या सोमवारी वर्नची मुलगी ब्रिटा त्याचं सामान न्यायला आली. हातमोजे तिनं उचलून खिशात ठेवले. मला तिची माफी मागायची होती, पण मी वर्नचा सुपाचा डबा तेवढा तिच्यापुढे ठेवला.

"तो नकाशा बाबांनी मलाही पाठवला होता," ती म्हणाली. "आज जाऊन येते तिथे. आई, पाद्री, सगळेच म्हणतात, जा, मन हलकं होईल."

"फाईल तपासलीस?"

"हो. सगळं हिरवं. एक लाल आहे."

"ब्रिटा, थांब."

"का? काय आहे तिच्यात?"

लाल-हिरवी होणारी एक ओळ, एवढंच. माझ्याकडे कारण नव्हतं, पुरावा नव्हता.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

ती हसली. मी वर्नला हसले होते तशीच, मायेनं.

"एकटं कोणी बोंबललं तर सोडून द्यायचं. बाबांना तुम्हीच सांगितलंत ना?"

खिडकीतून तिची गाडी दिसत होती. मागे बर्फाला भोक पाडायचं वर्नचं यंत्र बांधलेलं होतं.