उलट्या सेलचा दिवा

गुहेत पडून जखमी झालेल्या बाईंच्या हेल्मेटवरच्या दिव्यात तीन सेल होते. त्यांतला एक उलटा बसवलेला होता. असा दिवा पेटत नाही. तरीही तो सकाळपासून गुहेत पेटलेला सगळ्या गटाने पाहिला होता.

विमा कंपनीच्या तपासनिसाने दिव्याचे झाकण उघडेच ठेवले आणि समोर बसलेल्या सहलीच्या आयोजकाकडे पाहिले. तपासनीस पूर्वी पदार्थविज्ञान शिकवत असे. कचेरीत अजूनही त्याला ‘मास्तर’ म्हणत.

“दिवा कोणाचा?”

“बाईंचाच, साहेब. फोनवर म्हणाल्या होत्या, स्वतःचा आणते. आता अटी तर स्वच्छ आहेत. आम्ही दिलेल्या साधनात दोष निघाला, तर जबाबदारी आमची. स्वतःचं साधन आणलं, तर ज्याची त्यानं निस्तरायची. वाचून सही केलीय त्यांनी.”

“अपघातानंतर हा कोणी उघडला?”

“कुणीही नाही. हेल्मेटसकट पिशवीत घातला, पिशवीला सील लावलं. देवाशपथ!”

“देवाला तसदी नको. सील मीच फोडलंय.”

आयोजक खुर्चीत सरसावला. “जेवताना बाईंनी सेल बदलले असतील. घातला असेल एक उलटा.”

गुहांच्या सहलीत दिवा विझून कड्यावरून पडलेली ही बाई नकाशे काढणारी होती. मणक्याची शस्त्रक्रिया झाली होती. ती पुन्हा चालणार की नाही, हे पुढच्या दीर्घ उपचारांवर ठरणार होते. दिवा आयोजकाच्या संस्थेचा असेल, तर तो खर्च विम्यातून मिळणार होता. तिचा स्वतःचा असेल, तर एक पैसाही नाही. उपचारकेंद्राने खाट संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती.

गुहेत गट नेणारा वाटाड्या आयोजकाचा मेहुणा होता. तो गोदामात दोर गुंडाळत बसला होता.

“दिवे कोण वाटतं?”

“वाटत कुणी नाही. गुहेच्या तोंडाशी खोकं उघडं असतं, ज्यानं त्यानं उचलायचा. बाईंनी कुठला घातला, मी पाहिलं नाही. सगळे एकाच जातीचे. बाजारात दुसरे मिळतातच कुठे?”

“जेवणानंतर त्यांचा दिवा पेटत होता?”

“म्हणजे काय! त्यांच्याच उजेडात मी कड्यावर दोर बांधला. त्या पुढे झाल्या, पाय आपटला, आणि भप्पकन अंधार.”

“मग?”

“मी खाली उतरलो. त्यांच्यापासून हललो नाही. त्यांची लेक मलाच खाऊ की गिळू बघते, पण नाही हललो. दाजींनी बाहेरून स्ट्रेचर पाठवलं. हेल्मेट बाईंच्या पायाशी ठेवून वर धाडलं. दाजींनी ते गाडीत ठेवलं.”

“बाईंची पिशवी कुठे होती?”

“सगळ्यांचं सामान गाडीतच.”

तपासनिसाने हेल्मेट पुन्हा हातात घेतले. कवचाला खोल खोक पडली होती. दिव्याच्या काचेवर ओरखडासुद्धा नव्हता.

इस्पितळात बाई उताण्या पडल्या होत्या. लेक उशाशी होती.

“त्या वाटाड्यानंच काहीतरी केलं,” लेक म्हणाली. “आणि तो आयोजक म्हणतो, आईच्या डोक्याला मार लागलाय, तिला काही आठवत नाही. अहो, आई सहलीच्या अटी वाचत बसली होती रात्रभर! बाबा म्हणाले, लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली असतीस, तर वाचलो असतो दोघं.”

बाईंच्या ओठांना हसू फुटले आणि कळ येऊन विरले. “ते कलम वाचलं, म्हणून बेत बदलला,” त्या म्हणाल्या. “माझा दिवा अडीअडचणीला पिशवीत ठेवला. खोक्यातला एक घातला.”

“आयोजकांना कळवलंत?”

“त्यात कळवायचं काय?”

“पिशवीत तुमचा दिवा कसा ठेवला होता?”

“एक सेल उलटा घालून. नेहमीच तसा ठेवते. नाहीतर सामानात खटका दाबला जातो आणि ऐन वेळी दिवा मेलेला.”

“कुणाला ठाऊक आहे हे?”

लेकीने मान हलवली. “मलासुद्धा नव्हतं.”

तपासनिसाने बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. अविश्वासही दाखवला नाही. पडताळा घ्यायचा राहिला होता.

गोदामात त्याने खोक्यातले दिवे एकेक करून पेटवले आणि टेबलावर हलकेच आपटले. आयोजक दाराशी उभा होता. तळाच्या एका दिव्याची काच तडकलेली होती, खाचेत गुहेचा तांबडा चिखल वाळला होता. आपटताच तो विझला.

“हा बाईंच्या कपाळावर होता,” तपासनीस म्हणाला.

“कशावरून?” आयोजकाचा आवाज चढला.

“सेल उलटा असलेला दिवा जेवणाआधीही पेटला नसता आणि नंतरही नाही. बाईंचा दिवा कड्यापर्यंत पेटलेला होता. पडल्यावर तो कोणी उघडला नाही, ही तुमचीच शपथ. मग हेल्मेटवर आलेला दिवा गुहेत गेलाच नव्हता. तो गाडीतल्या बाईंच्या पिशवीतून आला. गाडीपाशी हेल्मेट होतं, पिशवी होती आणि तुम्ही होतात.”

“मेहुण्यानंही केलं असेल.”

“ते बाईंजवळ होते. तुम्ही संस्थेचा दिवा काढून खोक्यात दडवलात, बाईंचा बसवून खटका दाबलात. पेटला नाही. तुम्हाला हायसं वाटलं: बाईंचा दिवा, तोही बंद! का बंद आहे, हे पाहायला झाकण उघडलं नाहीत. एवढंच चुकलं.”

वाटाड्या दोर टाकून उठला. “दाजी, हा दिवा दुरुस्तीला टाका म्हणून मी कितीदा सांगितलं होतं!”

आयोजक भिंतीला टेकला. “सदोष दिवे देतो हे बाहेर कळलं असतं, तर संस्था बुडाली असती रे,” एवढेच तो म्हणाला.

तपासनिसाने आधी उपचारकेंद्राला फोन लावून खाट पक्की केली. मग तडकलेल्या दिव्याचे झाकण उघडले, भिंगातून पाहिले आणि अहवालात लिहिले: दिवा संस्थेचा. विझण्याचे कारण, सेलच्या कप्प्यातली गंजलेली स्प्रिंग. हादरा बसताच ती सेलपासून सुटते.