उसावरचा उजेड

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. सरकारी अहवालात जे लिहायचं राहिलं, तेवढंच इथे लिहिते आहे.

मी सुमेधा. तलाठी आहे. शनिशिंगणापूरपासून सात-आठ किलोमीटरवर माझा सजा, म्हणजे माझ्याकडची गावं. गावाचं नाव सांगणार नाही.

तारीख १७ डिसेंबर २०२४, मंगळवार.

त्याआधी महिनाभर गावात एकच बोंब होती. रात्री उसावर आभाळात उजेड दिसतो. उभा, पांढरा. डावीकडून उजवीकडे हलतो… आणि विझतो.

लोक म्हणाले, ड्रोन. चोर पाळत ठेवतायत. पोरं काठ्या घेऊन गस्त घालायला लागली. शेवटी तहसीलमधून कागद आला. जबाब घ्या, जागेचा पंचनामा करा, अहवाल पाठवा.

म्हटलं, नसती उठाठेव. पण नोकरी आहे.

अकरा जणांचे जबाब घेतले. अकराही जणांनी वेळ एकच सांगितली. रात्री पावणेएक. तेही एक आठवडा दिसतो, एक आठवडा नाही.

माझा कोतवाल गहिनीनाथ हळूच म्हणाला, "मॅडम, शेतीच्या लाईटीचंबी तसंच हाय. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. रातपाळीला साडेबाराला लाईट येती."

"मग?"

"राहीबाईचा जबाब घ्या." एवढं बोलून तो खाली बघत बसला.

राहीबाई उसाच्या अलीकडे वस्तीवर एकटी राहते. साठीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू. मी कागद काढायच्या आतच म्हणाली,

"माझा आदिनाथ हाय तो."

आदिनाथ तिचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी अशाच रातपाळीला तो मोटर चालू करायला विहिरीवर गेला होता. मधे ऊस डोक्याच्या वर, घरून विहीर दिसत नाही. म्हणून मायलेकांनी खूण ठरवलेली. त्याने बॅटरी एकदाच सरळ आभाळाकडे धरली, की पाणी लागलं, तू झोप. हलवली, की ये. मग ही ओट्यावरून ओरडायची, "आले रे."

"चा पायजे म्हनून उगंच हलवायचा, बाई. मी गेले की हसायचा. म्हनायचा, आई फसली. त्या रातीबी हलवली. लई येळ हलवली… मी म्हनलं, करतोय मस्करी. थंडीचं कुठं जाऊ. वाकळ वडली अन् झोपले."

सकाळी तो विहिरीच्या काठावर सापडला. पान लागलं होतं. साप चावला होता पायाला. हातातली बॅटरी अजून मिणमिणत होती.

"डाक्टर म्हनले, दोन तास तरी जित्ता हुता."

माझं पेन थांबलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

"आता उजेड दिसला की मी जाते. पन गुडघं साथ देत न्हाईत. मी पोचायच्या आत विझतो… बाई, तुमचा कागद लांबवर जातो न्हवं? सरकारला लिवा. त्याला म्हनावं, जरा थांब. आई येतीय."

मला रडू आलं. जबाब घेताना रडणारी मी पहिलीच तलाठी असेन.

म्हटलं, "मावशी, आज रातपाळीच आहे ना? मी थांबते. धरून नेते तुम्हाला."

शब्द दिला मी. हे लक्षात ठेवा.

रात्री साडेबारा. ओट्यावर आम्ही तिघं, गहिनीनाथही. राहीबाईच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली चहाची किटली.

शिवारात मोटरींची घरघर सुरू झाली. राहीबाईच्या विहिरीचं कनेक्शन तोडलेलं. तिकडे सामसूम.

ओट्याखालचं कुत्रं उठलं… आणि न भुंकता घरात शिरलं.

उसावर उजेड उभा राहिला.

हलायला लागला.

आम्ही दोघांनी तिला दोन्हीकडून धरलं. बांधावर तिचा पाय मुडपला आणि ती खाली बसली. उठता येईना.

"तुमी फुडं व्हा, बाई. थांबवा त्याला. मी आलेच."

गहिनीनाथला तिच्यापाशी ठेवून मी पळाले. उसाची पाती तोंडाला कापत होती.

विहिरीवर कोणी नव्हतं.

उजेड मात्र होता. जमिनीपासून हातभर वर सुरू होत होता… बसलेल्या माणसाचा हात असतो ना, तिथून.

मग आवाज आला. दमलेला. अगदी साधा.

"आई… आलीस का?"

खरं सांगते, भीती वाटली नाही. उजेड बारीक होत चालला होता. आता विझेल, आणि मावशी अजून मागेच. त्याला थांबवायचं, एवढंच डोक्यात होतं.

तोंडातून निघून गेलं, "आले रे."

उजेड हलायचा थांबला.

एकदाच सरळ आभाळाकडे गेला.

आणि विझला.

राहीबाई पोचली तेव्हा किटली रिकामी होती. चहा वाटेत सांडला होता. "व्हता का?" तिने विचारलं.

"नाही मावशी. कोणी नव्हतं."

अहवालात लिहिलं, 'प्रकाशाचा स्रोत आढळून आला नाही.' त्या रात्रीनंतर उजेड दिसला नाही. ड्रोन पळवून लावला म्हणून गावाने मला शाल-नारळ दिला. मी तो घेतला.

राहीबाई अजून रातपाळीला चहा करून बसते. सकाळी तिचा फोन येतो.

"आजबी न्हाई आला. रुसला असंल का वो?"

"नाही मावशी. येईल."

परवा तिने वेगळंच विचारलं. "बाई, त्या राती तुमी फुडं गेल्तात. त्यानं काय ईचारलं तर न्हाई ना?"

मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

दोन तास त्याने आईची वाट बघितली, मग दोन वर्षं. आणि ओ दिली मी. तो कोणाला भेटून गेला, मला माहीत नाही.

मी भिंगारला राहते. इथे ऊस नाही, विहीर नाही. तरी पावणेएकला जाग येते. काही ऐकू येत नाही…

पण तोपर्यंत मी तोंडावर हात घट्ट दाबून धरलेला असतो.