मागचा माणूस

पाय पाण्यातून काढू नका. कोमट झालं की सांगा, किटली इथेच आहे. चौदा किलोमीटर तुडवून आलात, उद्या पुन्हा तेवढेच आहेत. पाय सुजले की गाईडचं तोंडही सुजतं, आणि लोकांना ते लगेच दिसतं.

आणि तू, हिरवी टोपी. मघाशी ऑफिसात काय म्हणत होतीस? दहा जणांच्या गटाला मागे माणूस कशाला, मी एकटी नेईन. म्हणालीस ना? मग जरा ऐक. नऊ वाजलेत, कुणाची गाडी चुकत नाहीये. हे माझ्यासमोर घडलंय, निदान शेवटचा तुकडा तरी. बाकीचं ज्याच्यावर गुदरलं त्यानं स्वतः सांगितलं, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हता. थापा मारायला अंगात थोडा उत्साह लागतो. तेवढाही त्याच्यात उरला नव्हता.

चार वर्षं झाली. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. सकाळी सव्वासहाला थोरला ऑफिसात बिल्ला घ्यायला आला. थोरला म्हणजे दोन भावांतला मोठा. धाकटाही आपल्याकडेच होता. एका दिवसात, पायी, अख्खी जुनी राजधानी दाखवायची, तर या दोघांनीच. पूर्व दरवाजा, टांकसाळ, दरबार, तलाव, तुरुंग, मग तटावरून चालत पश्चिम दरवाजा. थोरला पुढे बोलत, धाकटा मागे गप्प. घरात उलटं होतं म्हणे, तिथे धाकटा कुणाला बोलूच द्यायचा नाही.

आपली पद्धत तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितली आहे. पुढच्यानं मागे वळायचं नाही. तो वळला की गट थांबतो, फोटो सुरू होतात, आणि सात वाजता दरवाजा बंद होतो. म्हणून वळणावर नुसता हात वर करायचा आणि विचारायचं, 'शेपूट?' मागच्यानं म्हणायचं, 'आलो.' मागचा आला म्हणजे मधले सगळे आले.

त्या वर्षी मे महिन्यात तटाच्या जिन्यावर थोरल्यानं विचारलं, 'शेपूट?' उत्तर आलं नाही. तो वेढ्याची हकिगत सांगत होता, चांगला रंगात आला होता. गटात शाळेची पोरं, नुसता गलका. धाकटा पाणी पीत असेल असं त्याला वाटलं. बोलत बोलत पुढे गेला. पश्चिम दरवाजात पोचल्यावर लक्षात आलं की गटाच्या मागे धाकटा नाही. परत जाईपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती. धाकटा जिन्याच्या वळणावर पायरीवर बसला होता, भिंतीला टेकून. छातीत कळ आली असणार, डॉक्टर म्हणाले.

थोरला रडला नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर. मी एकदा मुद्दाम त्याला बिनसाखरेचा चहा दिला. प्यायला, कप धुतला, जागेवर ठेवला. म्हटलं, 'अरे, साखर नव्हती त्यात.' म्हणाला, 'हो का.' बधिर झाला होता माणूस.

आणि भावजय, धाकट्याची बायको, त्याला एकच गोष्ट विचारायची. भांडून नाही, अगदी साधं, ताटात वाढता वाढता. 'भाऊजी, तुम्ही हाक मारलीत तेव्हा ते होते का?' म्हणजे तेव्हा जीव होता का. तुम्ही वळला असतात तर... पुढचं ती म्हणायची नाही. थोरला म्हणायचा, 'ठाऊक नाही.' चार-पाचदा असं झालं, मग त्यानं तिच्याकडे जाणंच सोडलं. ती दोघं एका घरात लहानाची मोठी झाल्यासारखी होती, आणि आता रस्त्यात दिसली तर तो गल्ली बदलायचा.

तर त्या शनिवारी ऑफिसातला कारकून म्हणाला, 'मागे द्यायला आज माणूस नाही. नऊच जणं आहेत, एकट्यानं ने.' थोरला म्हणाला, 'बरं.'

नऊ जणांत एक निवृत्त नर्सबाई होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. त्या सगळ्यांच्या मागे. सकाळभर काही झालं नाही. टांकसाळीच्या वळणावर मात्र थोरल्याचा हात सवयीनं वर गेला. तोंडातून शब्दही गेला. 'शेपूट?'

मागून आवाज आला, 'आलो.'

त्याला वाटलं, गटातला कुणी चेष्टेखोर आहे. पुढे चालू लागला. दरबारात पुन्हा विचारलं. पुन्हा, 'आलो.' मी त्याला नंतर विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाला, 'काहीच वाटलं नाही. राग पण नाही. कानावर पडलं, एवढंच.'

तलावावर जेवायला बसले. तिथे नर्सबाई म्हणाल्या, 'तुमच्या मागच्या माणसाला जरा बसू द्या हो. चेहरा बरा दिसत नाही त्याचा. मी तीस वर्षं असे चेहरे बघितलेत.'

थोरल्यानं पावाचा तुकडा चावून गिळला. 'मागे कोण आहे?' असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मागेही बघितलं नाही. म्हणाला, 'उठा, तुरुंग बघायचाय.'

तुरुंगापाशी हाक मारली. 'आलो.' जरा लांबून.

चुन्याच्या भट्टीपाशी... 'आलो.' आणखी लांबून. धाप लागल्यासारखं.

सहा वाजून दहा मिनिटांनी ते तटाचा जिना चढले. अंधार पडत होता. दिवे फक्त वर, तटावर. थोरला वेढ्याची हकिगत सांगायला लागला होता. जिन्याचं वळण गेलं. हात वर झाला.

'शेपूट?'

काही नाही.

तो थांबला. वाक्य अर्धं राहिलं. गटातले लोक त्याच्याकडे बघत राहिले.

'शेपूट?'

काहीच नाही...

या वेळी तो वळला. लोकांना म्हणाला, 'इथेच थांबा.' आणि एकेक पायरी उतरत खाली गेला. वळणावर आला. पायरी रिकामी होती. हात लावून बघितला. गार दगड. तो त्या पायरीवर बसला. भिंतीला टेकला. का, ते त्याला सांगता येत नाही. पाय दुखत होते म्हणाला.

बसला... आणि वरून हाक आली.

'शेपूट?'

आवाज धाकट्याचा.

थोरल्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. जीभ जागेवर, घसा जागेवर. छातीवर कुणी गुडघा रोवून बसलंय असं ओझं.

'शेपूट?'

ऐकू येत होतं. शब्द न् शब्द. वरचे लोक बोलताहेत, कुणाचा तरी बूट घासतोय, सगळं. हाक मारणारा पंधरा पायऱ्यांवर उभा. पुढे जाईल. आता जाईल तो. मी इथे आहे हे त्याला कळणार नाही...

तेव्हा त्याला समजलं. त्या दिवशी धाकट्याचं काय झालं होतं ते.

वरचा आवाज पुढे गेला नाही. तिथेच उभा राहिला. थोरला म्हणतो, किती वेळ ते माहीत नाही. नुसतं कुणीतरी उभं आहे, एवढं कळत होतं.

मग ओझं थोडं हललं. तो कसाबसा म्हणाला, '...आलो.'

भिंत धरून वर गेला. तटावर कुणी नव्हतं. पुढच्या बुरुजापाशी हाक. 'शेपूट?' 'आलो.' मग त्याच्या पुढच्या बुरुजापाशी. प्रत्येक वळणावर. हा चालत राहिला. पुढचा माणूस एकदाही दिसला नाही.

पश्चिम दरवाजावर तेव्हा मी होतो. किल्ली माझ्याकडे असायची. मी चौकीत स्टोव्ह पेटवत होतो, दाराकडे पाठ. गट आल्याची चाहूल लागली, पण कुणी बाहेर पडेना. वळून बघतो तर नऊ जणं कमानीच्या आत रांगेत उभी. म्हटलं, 'चला की, बंद करायचंय.' नर्सबाई म्हणाल्या, 'नाही. तुमचा माणूस म्हणालाय, मागचा आल्याशिवाय दार ओलांडायचं नाही.'

'कोण माणूस?'

'आत्ता इथेच होता.'

तेवढ्यात तटावरून थोरला उतरला. माझ्याकडे बघितलं, त्या लोकांकडे बघितलं. नऊही जणं बाहेर पडली, त्यांच्या मागून तो.

तिथून तो थेट भावजयीच्या दारात गेला. कित्येक महिन्यांनी. तिनं दार उघडलं, तर हा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, 'होता. माझी हाक त्यानं ऐकली होती. बोलता येत नव्हतं त्याला. मी थांबायला हवं होतं.' ती बाजूला झाली आणि त्याला आत घेतलं. त्या रात्री तो ढसाढसा रडला, असं ती सांगते. तो नाही सांगत.

किटली दे इकडे. ...नको, राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दरवाजावरची वही बघितली. ती बाहेर स्टुलावर असते, बाहेर पडताना गाईडनं स्वतः भरायची. थोरल्यानं त्या संध्याकाळी तिला हात लावला नव्हता, मी बघितलं होतं. म्हटलं आपणच भरून टाकू. पान उघडलं.

ओळ भरलेली होती. सही धाकट्याची. मी पण ओळखली, आणि भावजयीला दाखवली तर तिनंही ओळखली. वेळ, सहा बावन्न. माणसं, दहा. आणि शेरा लिहायचा असतो त्या रकान्यात लिहिलं होतं, 'दादा मागे होता. थांबलो.'