थोरलीचे डोळे

जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत खिडकीपाशी एकच टेबल होतं, आणि त्यावर कोणीतरी आधीच नकाशे पसरून बसला होता. घड्याळवालीला उजेड हवा होता. ती नुसतीच उभी राहिली. शेवटी त्यानं मान वर केली, नकाशे गोळा केले आणि म्हणाला, "अर्धं तुमचं. पण पलीकडे सरकायचं नाही हं... हद्दीच्या बाबतीत मी फार कडक आहे."

तो मोजणी खात्यातला नकाशेवाला; हद्दीचे जुने तंटे चाळायला यायचा. ती वडिलांच्या मागे घड्याळदुरुस्तीचं दुकान सांभाळायची. दुकान बंद ठेवून ती इथं काय शोधते, हे त्यानं हळूहळू काढून घेतलं. तिच्या आईची दृष्टी चाळिशीच्या आत गेली होती. मावशीचीही, आजीचीही. आईकडून मुलीला येणारं दुखणं दिसतंय, डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ती आईची आई, तिची आई, अशी मागे मागे जात अठराव्या शतकातल्या एका खेडवळ बाईपाशी येऊन अडकली होती. घरात दोन शेळ्या आणि तीन मुली, यापलीकडे त्या बाईचं काहीच सापडत नव्हतं. ती तिला थोरली म्हणायची. थोरलीचे डोळे शेवटपर्यंत शाबूत होते एवढं कळलं, तर दुखणं मागाहून कुठून तरी आलं असेल... प्रत्येक मुलीला गाठतच असेल असं नाही. एवढ्याशा आशेवर ती तग धरून होती.

मग तोही थोरलीच्या मागे लागला. तिच्या शेळ्यांना त्यानं नावं दिली. बाहेर पाऊस भुरभुरत असायचा आणि टेबलाची हद्द दोघांच्या कोपरांनी केव्हाच मोडलेली असायची. ती हसली की तो वाचता वाचता ओळ चुकायचा. हल्ली दुकानात बारीक स्क्रू तिला बोटांनी चाचपावे लागत होते. हे मात्र तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

एके दिवशी त्यानं एक कागद तिच्यासमोर ठेवला. शेजाऱ्यांची तक्रार होती. थोरलीच्या नवऱ्यानं दारापासून विहिरीपर्यंत दोर बांधलाय, आमची गुरं अडखळतात. पंचांनी विचारल्यावर तो म्हणाला होता, बायकोला दिसत नाही, दोर सुटणार नाही.

तिनं कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

"कधी सापडला?"

"बरेच दिवस झाले." तो म्हणाला. "सांगितलं असतं, तर तुमचं इथलं काम संपलं असतं. तुम्ही यायचं थांबवलं असतं... मला ते सोसलं नसतं."

तिनं कागद टेबलावर ठेवला.

"मीही बांधीन दोर," तो म्हणाला. "कुठून कुठेही."

"बांधाल, माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्यानंही बांधला. पण त्याच्या तीन मुलींना कोणी विचारलं? त्यांच्यातल्याच एकीकडून हे दुखणं माझ्या आईपर्यंत आलं."

मूल नको, आपण दोघंच राहू, असंही तो म्हणाला. त्यावर तिनं त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं. मांडीवर पोरगं घेतल्याशिवाय ज्याला राहवेल असा माणूस हा नव्हे. कचेरीच्या दारात शिपायाच्या लेकीला खेळवताना तिनं त्याला कितीदा पाहिलं होतं.

संध्याकाळ झाली होती. पायऱ्यांवर तिचा पाय चुकला. त्यानं हात पुढे केला, आणि तिनं तो पहिल्यांदा धरला. घरापर्यंत धरून ठेवला. दारात मात्र सोडला.

"उद्या येऊ नका... कधीच येऊ नका."

तिनं दार लावलं. आई खाटेवर बसली होती. कोण होतं, आईनं विचारलं.

"वाट चुकलेला कोणी."

आईनं दाराकडे कान दिला. "वाट चुकलेला माणूस इतका वेळ उभा राहत नाही, बाळा."

ती आईच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीत तोंड लपवून रडली. आईचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. बराच वेळ. मग तो हात थबकला.

"गेला गं," आई म्हणाली.