अंगणवाडीमागचा टॉवर

टिकेशला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा साहेब समजून दोन ताटल्या खिचडी खाऊ घातली होती. आठवलं की हसू येतं, आणि हसू आलं की मागोमाग रडूही येतं. असो.

डिसेंबरातली सकाळ होती. सालेकशाहून कचारगडाकडे जाताना आमचं गाव लागतं, आणि गावाच्या कडेला माझी अंगणवाडी. आभाळ दाटलेलं, थंडी अशी की लेकरं चुलीपासून हलेनात. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस भिंतीमागे टेप धरून काहीतरी मोजताना दिसला. झालं, तपासणी आली! मी भराभर लेकरांची नाकं पुसली, त्यांना रांगेत बसवलं, वजनकाटा बाहेर काढला आणि साहेबांना आत बोलावून ताटली पुढे केली. ते बिचारे खात राहिले. मी पोषण आहारावर घडाघडा बोलत राहिले.

दुसरी ताटली संपवून ते म्हणाले, "मॅडम, मी मोबाईल टॉवरच्या कंपनीचा आहो. मागची जागा पाहाले आलो होतो."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही बोलू देऊन राहिल्या का?… आन खिचडी चांगली होती."

असा राग आला मला. पण तो हसला, आणि राग कुठल्या कुठे गेला. मेलं ते हसणंच तसं होतं.

टिकेश फुलचूरचा, आमच्याच पोवार समाजातला. मग तो वरचेवर येऊ लागला. कधी सरपंचांना भेटायला, कधी जागेची माती बघायला… नजर मात्र अंगणवाडीच्या दारात.

"रोज रोज मातीत काय पाहता?" मी विचारायची.

"माती पाहाले कोण येते?" तो म्हणायचा, आणि मी खाली मान घालून डाळ निवडत बसायची. त्या दिवसांत लेकरांच्या वरणात खडे फार निघाले.

त्याची नोकरी कंत्राटी होती. हा टॉवर लागला की कंपनीचा साहेब त्याला कायम करणार, आणि कायम झाला की तो माझ्या बाबूजींकडे मागणी घालणार, असं ठरलं होतं. माझे बाबूजी उदेलाल कंत्राटी पोराला मुलगी देणारे नव्हते. याच एका कारणावरून त्यांनी चांगली स्थळं परतवून लावली होती. म्हणजे आमचं लग्न त्या टॉवरवरच टांगलेलं होतं.

टॉवरला ग्रामसभेचा होकार पाहिजे होता. सभा सव्वीस जानेवारीला, आणि आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा. एरवी त्या सभेत नळावरून भांडणं होतात. पण त्या वर्षी, दोन हजार नऊ साली, शामकलाबाईंनी वेगळाच विषय काढला. त्यांचा नातू माझ्याकडेच यायचा.

"लेकराईच्या डोक्यावर ते यंत्र उभं करून राहिले. त्याच्यानं काही होते का नाही होत, आपल्याले कोणी सांगितलं का?"

त्यांच्या शेजारी बसलेल्या देवकाबाई म्हणाल्या, "योगेश्वरी शिकलेली आहे. लेकरं बी तिच्याजवळच राहतात. उद्या तिनंच पुसावं."

मला टिकेशची नोकरी आठवली. पण ज्यांच्या तोंडात रोज घास घालते, त्यांच्यासाठी एक प्रश्न विचारायला नाही कशी म्हणू?

संध्याकाळी टिकेश धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर भेटला. लाखोळीच्या पिकावर भुरभुर पाऊस पडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो ओल्या धुऱ्यावरच बसला.

"दुसऱ्या कोणी पुसलं तर मी कंपनीनं शिकवलं ते सांगून टाकीन… काही होत नाही म्हणून. पण तू पुसशील तर तुझ्यासमोर मले खोटं बोलता येणार नाही, योगू."

"खोटं आहे का ते?"

"खरं आहे का खोटं, मलेच माहीत नाही. तेच तर."

"मग?"

"मग नको पुसू ना." त्याने माझा हात धरला, पहिल्यांदाच. त्याचे हात गारठलेले होते. "एवढा टॉवर लागू दे. मग जन्मभर पुसजो मले, काय पुसायचं ते."

घरी येऊन जेवायला बसले, तशीच उठले.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. सरपंच टॉवरच्या बाजूने, तरणी पोरंही. फोन लावायला डोंगर चढायची हौस कुणाला असते? टिकेश नकाशा दाखवून छान बोलला. त्याचा साहेब शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलवत होता. सरपंचांनी विचारलं, "कोणाले काही पुसायचं आहे का?"

मागून शामकलाबाईंनी मला कोपराने ढोसलं. मी उठले.

"या टॉवरनं खालच्या लेकरांना काही होत नाही, हे तुम्हाला नक्की माहीत आहे का? तुमचं लेकरू असतं, तर तुम्ही त्याला इथं बसवलं असतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं…

"नक्की माहीत नाही," टिकेश म्हणाला. "माझं लेकरू असतं तर… नसतं बसवलं. टॉवर जरा दूर लावा म्हटलं असतं."

मग गलका झाला. देवकाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. "टॉवर पायजे. पण गावाबाहेरच्या पडीत लावा." बायकांचे हात वर गेले, मग म्हाताऱ्यांचे, आणि ठराव तसाच झाला. साहेबाला तो परवडणारा नव्हता. त्या पडीक जमिनीपर्यंत विजेची लाइन नव्हती. कंपनी दुसऱ्या गावाला गेली आणि टिकेशला कामावरून काढलं.

तो निरोप घ्यायला आला, तेव्हा काळीपिवळी जीप अजून भरायची होती. आम्ही चिंचेखाली उभे राहिलो.

"रागावलात?"

"नाही."

"खोटं बोलला असता तर…"

"तर तुले मिळालो असतो." तो कसंनुसं हसला. "पण मंग तुले आवडलो नसतो."

"मी थांबू?"

त्याने पिशवी उचलली. रायपूरला मामेभावाच्या दुकानात बसतो म्हणाला, आणि गाडीत चढला. माझा जीव त्या गाडीबरोबर गेला, हे खरं सांगते.

मी थांबले. पत्र नाही, निरोप नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाबूजींनी तिरोड्याचं स्थळ आणलं. मुलगा कायम नोकरीतला, शांत, बरा. चहापाणी झालं. मुलाच्या आत्या गोमतीबाई मायेने म्हणाल्या, "पोरी, आम्ही जुन्या वळणाचे नाही. पोराले काही पुसायचं असन तर पूस."

बाबूजींचा चेहरा उतरला. सभेत उठून बोलणारी पोरगी म्हणून माझं नाव तोवर पंचक्रोशीत झालं होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"नाही," मी म्हटलं. "मला काही पुसायचं नाही."